कोंड्याच्या पेटीतला सूर

माझ्या मोठ्या भावाचं तोंड शेवटी शेवटी एका बोटापुरतंच उघडायचं. माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी जायला हवीत, असं दातांचे डॉक्टर सांगतात. भावाची आधी दोन जायची, मग दीड, मग एक. दीड म्हणजे दुसरं बोट दातांना घासून अडकायचं. असं कशानं झालं, हे आमच्या गोंदिया जिल्ह्यात कोणी विचारत नाही. खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून ठेल्यावरचा माणूस घोटून देतो आणि मास्तरापासून तलाठ्यापर्यंत सगळे तो गालात धरूनच बोलतात. वर्षं गेली की गाल आतून ताठ होत जातो आणि जबडा उघडेनासा होतो. मीही खातो. तेव्हाही खात होतो.

हे कोणाच्याही बाबतीत वाईटच, पण भाऊ क्लॅरनेट वाजवायचा. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस येतात, गावोगावी नाटकं होतात. त्या नाटकांना तो तीस वर्षं वाजवत आला होता. एका मंडईत पहिल्याच अंकात त्यानं वाद्य खाली ठेवलं, कारण त्याचं टोक ओठांत धरण्याइतकं तोंडच उघडेना. पुढच्या मोसमात नाटक कंपनीनं कीबोर्डवाला आणला. कीबोर्डमध्ये क्लॅरनेटचं एक बटण असतं. त्यातून निघणारा आवाज ऐकून माझं डोकं फिरायचं. भाऊ मात्र शांत.

"काऊन चिडतं गा लहान्या? त्यालेबी पोट आहे."

मी चिडतो, हे खरंच आहे. चिडणं हा माझा धंदाच झाला होता, कारण दुसरा धंदा बसला होता. कुडव्याला माझं टीव्ही आणि अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. जुना टीव्ही दुरुस्त व्हायचा. आताचा टीव्ही बिघडला की फेकायचा असतो. गिऱ्हाईक येतं, मी सांगतो की पॅनल गेलं, ते माझ्याकडे असं बघतं की पॅनल मीच चोरलं, आणि निघून जातं. लग्नसराईत डीजेवाल्यांचे जळलेले अँप्लिफायर येतात, एरवी मोकळा वेळ. त्या मोकळ्या वेळात मी मोबाईलवर परदेशातली माणसं बघायचो. ती हातानं सिंथेसायझर जोडत बसलेली असत. त्यात एकच मोठं वाद्य नसतं, वेगवेगळे डबे असतात. एक डबा विजेतून आवाज काढतो, दुसरा त्या आवाजाला तासतो, तिसरा त्याला चढवतो-उतरवतो. एकाची वायर दुसऱ्यात खोचली की झालं वाद्य. डब्याला ते मॉड्यूल म्हणतात. मला त्यात नवं काही वाटलं नाही. उलट वाटलं, हे तर आपल्यालाच जमणारं काम आहे.

आणि मग ते डोक्यात आलं. तोंड उघडत नाही, पण फुंकर तर बाहेर येते. एका बोटाच्या फटीतून बारीक नळी आरामात जाईल. नळीतल्या फुंकेवर आवाज चढेल-उतरेल, आणि बोटं तर भावाची शाबूत होतीच.

मी त्याला जाऊन सांगितलं. त्याचं घर, म्हणजे आमचं मूळ घर, चोरखमाऱ्याच्या तलावाच्या खालच्या अंगाला आहे. तो ओट्यावर बसून ऐकत होता. ऐकून म्हणाला, "त्याच्यातून माहा आवाज निघंल का गॅसच्या हंड्याचा?" आणि मग, नेहमीप्रमाणे, "तोंड उघड बरं तुहं. पाहू दे किती बोटं जातेत."

"नंतर," मी म्हटलं. तो दर खेपेला हे विचारायचा आणि मी दर खेपेला हेच उत्तर द्यायचो.

पहिला डबा डासासारखा आवाज काढायचा. दुसरा स्कूटरच्या हॉर्नसारखा. शेजारचा सलूनवाला येऊन विचारायचा, "काय बम बनवून राहिला का गा?" सुटे भाग मिळवताना तर मी हात टेकले. गोंदियाच्या बाजारात एक दुकानदार जुन्या आयसी, म्हणजे चिपा, ठेवायचा. तो चष्म्यावरून बघत म्हणायचा, "भैया, ये माल अब कौन पूछता है." बाहेरून मागवल्या, तर अर्ध्या नकली निघाल्या. वरची अक्षरं खरवडून नवी छापलेली. त्या दिवशी मी ज्या शिव्या दिल्या, त्या सलूनवाल्याच्या गिऱ्हाइकानं साबण लावलेल्या तोंडानं मान वळवून ऐकल्या.

तरी डबे होत गेले. फुंक मोजायला मी एका बाद झालेल्या बीपीच्या मशीनमधला सेन्सर काढला. बोटांसाठी पीव्हीसीचा पाइप घेतला आणि जुन्या टीव्हींच्या पुढच्या पट्टीवरची बटणं काढून त्यावर क्लॅरनेटच्या भोकांच्या अंतरानं बसवली. भाऊ म्हणाला होता की खऱ्या क्लॅरनेटला भोक पाडायचं नाही. ते त्यानं तेल पुसून पेटीत ठेवलं होतं.

अडलं ते ऑसिलेटरवर, म्हणजे आवाज काढणाऱ्या डब्यावर. त्यात दोन ट्रान्झिस्टर असे लागतात की जुळ्या भावांसारखे वागले पाहिजेत. एकाच पुडीतले शंभर ट्रान्झिस्टर घ्या, एकसारखे दोन सापडायला दिवस जातो. हातात धरून मोजलं तर बोटाच्या उबेनंच आकडा बदलतो. चिमट्यानं लावायचा, बाजूला सरकायचं, निवायला वाट बघायची, मग आकडा लिहायचा. असे मी पाचशेवर मोजले. जोडी सापडली की दोघांना पाठीला पाठ लावून चिकटवायचं. एवढं करूनही उन्हाळा लागला आणि सूर चळायला लागला. सकाळी लावलेला सा दुपारी सा राहायचा नाही. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली बसून बघा, माणूसही सकाळचा दुपारी राहत नाही.

परदेशातले लोक यावर वेगळं सर्किट लावतात. माझ्याकडे धानाचा कोंडा होता. हा सगळा तांदळाचा मुलूख, गिरण्यांमागे कोंड्याचे डोंगर पडलेले असतात. आमच्याकडे बर्फ कोंड्यात ठेवतात, अंडी कोंड्यात ठेवतात, काचेचं सामान कोंड्यात भरून पाठवतात. ऊन आत जात नाही आणि गारवा बाहेर येत नाही, हे शाळेत न गेलेल्या बाईलाही माहीत असतं. मी लाकडी पेटी केली, ऑसिलेटरचा बोर्ड मधोमध बसवला आणि चारी बाजूंनी कोंडा दाबून भरला.

सूर खिळला. मे महिन्याची दुपार, बाहेर रस्त्यावर डांबर मऊ झालेलं, आणि मोबाईलमधला सूर मोजणारा काटा तासन् तास जागेवरून हलला नाही. मी दुकानात एकटाच होतो. मी मोठ्यांदा हसलो. साऱ्या जगानं वापरून टाकलेल्या युक्त्यांवर माझ्या जिल्ह्याच्या कोंड्यानं मात केली, असं वाटलं. एवढा आनंद मला त्याआधी कधी झाला होता, आठवत नाही. नंतरही झाला नाही.

जुलैत भावाच्या जिभेच्या कडेला जखम झाली. ऑगस्टमध्ये तिचं नाव कळलं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की जबड्याचा एक भाग आणि जिभेचा बराचसा भाग काढावा लागेल, श्वासासाठी गळ्याला भोक राहील. तारीख पोळ्यानंतरच्या सोमवारची मिळाली.

भावानं फोन केला. जड जिभेनं, पण सरळ बोलला. "थे तुहं तयार आहे का? रविवारी घेऊन ये. एकडाव वाजवून घेतो. मंग फुंकाले काई राहनार नाई."

माझ्या आयुष्यात मला कोणी इतकं महत्त्वाचं काम सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी पेटी युरियाच्या धुतलेल्या पोत्यात बांधून गाडीला मागे लावली. पाऊस भुरभुर होता. कुडव्याहून तास-सव्वा तासाचा रस्ता, आणि पावसाळ्यात तो रस्ता कसा असतो ते मी लिहीत बसत नाही. एका खड्ड्यात गाडी आपटली आणि पेटीचं झाकण उचकटलं. गावात पोचून पोतं सोडलं, तर निम्मा कोंडा पोत्यात सांडलेला, ओला. बोर्ड ठीक होता, वायरी ठीक होत्या. ओला कोंडा मी फेकून दिला. पेटी अर्धी रिकामी राहिली.

गोठ्यात कोंड्याचं पोतं होतंच. कोणाच्या घरी नसतं? मी त्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठ भरून चोळली, कानाजवळ नेऊन चुरचुर ऐकली. कोरडा. धानाच्या घरात वाढलेल्या माणसाला हातावरून कोरडं-ओलं कळतं, असा मला अभिमान. दुकानात करंट मोजायचे तीन मीटर, पिशवीत एक, आणि मी मुठीवर विश्वास ठेवला. दाबून पेटी भरली.

ओट्यावर चौघंच होतो. भाऊ, वहिनी, मी, आणि नाटक कंपनीतला भावाचा जुना जोडीदार, तबल्यावाला. त्यानं भावाच्या पट्टीत तबला लावून आणला होता. भाऊ अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बसला होता. वहिनीनं नळी गरम पाण्यानं धुऊन दिली. त्यानं ती दातांच्या फटीत सरकवली, पाइप मांडीवर घेतला, बोटं बटणांवर ठेवली.

"वाजव गा," तबल्यावाला म्हणाला. "पाहू दे लहान्यानं काय दिवे लावले थे."

त्यानं फुंकलं.

तो क्लॅरनेटचा आवाज नव्हता, हे मी कबूल करतो. थोडा अधिक पोकळ होता. पण सूर लावताना आधी जरा खालून यायचं, क्षणभर थांबायचं आणि मग हलकेच त्यावर चढायचं, ही जी भावाची रीत होती, ती त्या डब्यातून जशीच्या तशी बाहेर आली. वहिनी आत जायला निघाली होती, ती दारातच थांबली. तबल्यावाल्यानं माझ्याकडे बघून मान हलवली आणि ठेका धरला. भावानं डोळे मिटले. नाटकातल्या निरोपाच्या प्रवेशाला तो वाजवायचा ती धून होती. मी खर्ऱ्याचा तोबरा बाहेर जाऊन थुंकून आलो, कारण तो तोंडात ठेवून हे ऐकणं बरं वाटेना.

परत आलो तोवर सूर उतरायला लागला होता.

आधी मलाच शंका वाटली. मग तबल्यावाल्याचा हात जरा अडखळला. भावानं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात प्रश्न होता: चुकतंय ते माझं की तुझं?

मला तेव्हा एक क्षणही वाटलं नाही की माझं असेल. अख्खा मे महिना जो काटा हलला नव्हता, तो आज कसा हलेल? आणि मीच फुंकेचा थोडा परिणाम सुरावर ठेवला होता, कारण खऱ्या वाद्यात तो असतो. फुंक पडली की सूर किंचित पडणार. मी पेटीकडे बघितलंही नाही.

"भाऊ," मी म्हणालो, "तुहा दम कमी पडून राहिला. जोरानं फुक."

त्यानं जोरानं फुंकलं. गळ्याच्या शिरा उभ्या राहिल्या, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नळीला रक्ताचा बारीक दोरा दिसला. सूर आणखी उतरला. तबल्यावाल्यानं हात उचलला. तबला आणि तो आवाज आता दोन वेगळ्या गावचे झाले होते. भाऊ एकटाच थोडा वेळ वाजवत राहिला, घसरणाऱ्या सुराला धरायला बघत. तीस वर्षांत मी त्याला बेसूर ऐकलं नव्हतं.

मग त्यानं नळी काढली.

"सरला," तो म्हणाला. "माहा दमच सरला गा."

तबल्यावाला म्हणाला की बिमारीत असं होतंच. वहिनी म्हणाली, "राहू द्या आता, तरास नोको करून घेऊ." भावानं पाइप माझ्या हातात दिला आणि माझ्याच पाठीवर थोपटलं. "पन बनवलं चांगलं तू," म्हणाला. "वाजवनाराच राहिला नाई."

दुसऱ्या दिवशी त्याला नागपूरला भरती केलं.

पेटी मी आठवडाभर उघडली नाही. उघडली ती जागा मोकळी करायला. वरचा गोठ्यातला नवा कोंडा उचलला, खाली जुना होता. बोर्डावर तांब्याच्या पट्ट्यांना हिरवट बुरशीसारखी झाक आलेली. माझ्या हातांनी आपोआप मीटर घेतला. जुन्या कोंड्यात दोन टोकं खुपसली, काटा मेलेला. नव्या कोंड्यात खुपसली, काटा उठला. पावसाळ्यात दोन महिने गोठ्यात राहिलेल्या त्या कोंड्यानं हवेतली ओल पिऊन घेतली होती. हाताला कळणार नाही एवढीच, पण बारीक करंट गळायला पुरे. पेटी चालू होऊन आत गरम झाली, ती ओल सुटून बोर्डावर बसली, आणि सूर ठरवणारा व्होल्टेज हळूहळू पाझरून गेला. भाऊ फुंकत होता तेव्हा फुंकेत काही कमी नव्हतं.

आमचे पूर्वज तलाव बांधणारे. तलावाच्या पाळीतून, म्हणजे मातीच्या बांधातून, पाण्याची ओल कुठवर जाईल, हे त्यांना डोळ्यांनी कळायचं म्हणतात. मला मुठीतल्या कोंड्यातली ओल कळली नाही आणि मी आजारी माणसाला म्हणालो की तुझा दम कमी पडतोय.

मी दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि आत रडलो. मग खर्रा खाल्ला.

सांगायला जायला मला दिवाळीनंतरचा दिवस उजाडला. आधी तो दवाखान्यात होता, मग तो घरी आला तरी मी पळत होतो. गेलो तेव्हा ओट्यावर ऊन होतं. त्याचा अर्धा चेहरा आत गेला होता, नाकात जेवणाची नळी, गळ्यात श्वासाची. हातात पाटी होती, पण तो फारसं लिहीत नसे. गावात मंडईची तयारी चालली होती, कुठूनतरी भोंग्याचा आवाज येत होता.

मी सगळं सांगितलं. खड्डा, गोठा, पोतं, मूठ. म्हणालो, "भाऊ, तुहा दम नव्हता गेला. माहा कोंडा ओला होता. तू आखरीपर्यंत सुरातच होता." आणि पुरावा म्हणून तीच पेटी सोबत नेली होती. त्याच्यासमोर झाकण काढलं, मीटरची टोकं त्याच कोंड्यात खुपसली.

काटा हलला नाही.

मी दुसऱ्या कोपऱ्यात खुपसली. तळाशी खुपसली. हिवाळा लागला होता, पेटी दोन महिने दुकानात कोरड्या हवेत उघडी पडलेली. कोंडा वाळून गेला होता. मी मूर्खासारखा मीटर ठोकत बसलो, तो बिघडलाय का बघत. भाऊ माझ्याकडे बघत होता. चेहऱ्याच्या उरलेल्या बाजूनं तो हसला. लहान भाऊ आपली समजूत काढायला एवढी गोष्ट रचून आला, पेटीही उचलून घेऊन आला, असं त्याला वाटलं. मी "खरंच, आईची आन" म्हणालो, तर त्यानं हातानं मला गप्प केलं. राहू दे, अशा अर्थानं.

मग त्यानं मला जवळ यायची खूण केली आणि स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवून ते उघडून दाखवल्यासारखा हात केला. या वेळी "नंतर" म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि तोंड उघडलं. त्यानं उजव्या हाताची तीन बोटं जुळवली आणि माझ्या तोंडात घातली. दोन गेली. तिसरं दातांना घासलं आणि अडकलं. त्यानं जोर लावला नाही. बोटं तशीच थोडा वेळ ठेवली, मग काढून माझ्याच सदऱ्याला पुसली.

माझ्या वरच्या खिशात खर्ऱ्याची पुडी होती. ती त्यानं काढली, हातात घेऊन बघितली. मला वाटलं फेकेल. फेकली असती तर बरं झालं असतं. त्यानं ती पुन्हा माझ्या खिशात ठेवली आणि वरून हलकेच थोपटलं. त्या रविवारी पाठीवर थोपटलं होतं, तसंच.

वहिनीनं चहा आणला, तो मी उभ्यानंच घेतला. पेटी पोत्यात बांधून गाडीला लावली. कुडव्याला पोचेपर्यंत पुडी अर्धी झाली होती.